वाईट बातमीवाला

हिल्सबरो, ऑकलंड
१८ मे २००३

अहो,

सुमेधच्या घरून आलंय म्हणून हे पत्र न फोडता टेबलाच्या खणात टाकू नका. कागद मी पुण्याहून आणलेला आहे, पेनही माझंच आहे. फोनवर तुम्ही येत नाही. रविवारी फोन केला की शकु सांगते, साहेब अंघोळीला गेलेत. शकु आपल्याकडे स्वयंपाकाला येते, खोटं बोलायला नाही. तिला उगाच पापात पाडू नका.

मी सुखरूप पोचले. गार्गीचं पोट आता चांगलंच दिसतंय, चेहऱ्यावर तेज आहे, पण दोघंही सकाळी गाडी काढून ऑफिसला जातात आणि अंधार पडल्यावर येतात. दिवसभर घरात मी आणि फ्रीजची घरघर. इथल्या घरांत बाहेरच्यापेक्षा आत जास्त थंडी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वेटरवर शाल, शालीवर सुमेधचं जुनं जाकीट अशी बसून असते. खिडकीतून खाली खाडीचं पाणी दिसतं, राखाडी. ओहोटीला नुसता चिखल.

तर मुद्द्याचं. शेजारच्या घरातल्या लिंबाची एक फांदी आपल्या कुंपणावरून आत आली आहे. पिवळीधमक लिंबं खाली पडून सडत होती. मी चार उचलली, वर बघते तो पलीकडे एक म्हातारे गृहस्थ उभे. नव्वदीला टेकलेले, उंच, लांबुडका चेहरा, कान बाहेर आलेले, आणि घरच्या गाऊनखाली चक्क टाय. म्हणाले, सगळी घ्या. मग विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? मी सांगितलं, पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, ट्रंक कॉल जोडण्यात. त्यांनी म्हणून दाखवायला सांगितलं. मी इतक्या वर्षांनी त्या आवाजात "नंबर प्लीज" म्हटलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. म्हणाले, "तुम्हाला तिथे काम मिळालं असतं. टेलिफोनवर बोलणाऱ्या बायका त्यांना सतत लागायच्या."

तिथे म्हणजे हॉलिवूडमध्ये.

मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला असावा. पण चहा घेताना सगळं नीट सांगितलं. खरं नाव मर्विन टेट, जन्म खाली दक्षिणेकडच्या टिमारू गावचा. युद्धाच्या आधी बोटीने गेला, एका स्टुडिओच्या नोकरीत राहिला, पडद्यावरचं नाव मार्टिन टेट. कधी नायक नाही, खलनायक नाही. दार उघडणारा, टोपी घेणारा. पन्नासच्या दशकात स्टुडिओंनी माणसं कमी केली तेव्हा परत आला आणि इथे विमा कंपनीत कारकून झाला. भिंतीवर एक फोटो नाही. म्हणाला, सांगितलं की लोक हसतात, म्हणून सांगणं सोडलं.

मला तुमची आठवण आली. फिल्म सोसायटीच्या लोखंडी खुर्चीवर मी पेंगत असायची आणि तुम्ही कोपराने ढोसायचात: "अगं, मागे बघ, दारात कोण उभा आहे. नायकाला काय बघायचंय, तो कुठे पळून जातोय?" नायिकेचं नाव तुम्हाला सांगता यायचं नाही, पण तिची छत्री धरणाऱ्याचं यायचं.

मार्टिन टेट आठवतो का? एवढं तरी कळवा. हे तुमच्या मुलाबद्दल नाही.

अनुराधा


२२ जून २००३

अहो,

चार पानं! लग्नानंतर तुम्ही मला एवढं मोठं पत्र कधी लिहिलं नव्हतं. त्यात माझ्याबद्दल एक ओळ नाही, तरी मी ते दोनदा वाचलं.

दुपारी पत्र घेऊन मर्विनकडे गेले आणि वाक्यावाक्याला थांबून इंग्रजीत सांगत गेले. हात पुसत खोलीबाहेर येणारा डॉक्टर. टोपी काखेत धरून उंबऱ्यात उभा राहणारा पोलीस. बोटीवरचा अधिकारी, ज्याला कप्तानाच्या बायकोकडे पाठवतात. "ते गृहस्थ आज सकाळीच हॉटेल सोडून गेले" म्हणणारा कारकून. तबकात तार घेऊन येणारा बटलर. आणि तुमचा दोस्त दीनानाथ फिल्म सोसायटीत मागच्या रांगेतून ओरडायचा तो किस्सा: दारात हा चेहरा दिसला की "आला रे, वाईट बातमीवाला आला!" आणि सगळं सभागृह खिदळायचं.

टोपणनाव मी आधी गाळलं होतं. मग वाटलं, लपवायचं कशाला, सांगितलं. मर्विन इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. मग ते नाव मराठीत म्हणून घेतलं माझ्याकडून. "वाइट बाट्मीवाला." दोनतीनदा घोकलं. मग एकदम उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, पुणे कुठे आहे. ॲटलास काढून दाखवलं. त्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथे?"

तुम्ही लिहिलंय ना, बटलर तार द्यायच्या आधी तबक उजव्या हातातून डाव्या हातात घेतो? ते वाचलं तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला. ते त्याने आपल्या मनानेच केलं होतं. दिग्दर्शक काही बोलला नाही, पण कापलंही नाही. आजवर ते कुणाच्या लक्षात आलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र तुम्ही चुकलात. दारूच्या गुत्त्यात तो एकदा खदखदून हसतो असं तुम्ही लिहिलंय. मर्विन म्हणाला, तो मी नव्हे, पडद्यावर मला कधी हसू दिलंच नाही. मी म्हटलं, यांची असल्या बाबतीत चूक होत नाही. तो म्हणाला, "मग तो मीच असेन. राहू दे तसंच."

तुमच्या पत्रात शेवटी "तिकडची मंडळी बरी असतील" असं आहे. ते पान मी सुमेधला दाखवलं. रागावू नका. त्याने वाचलं, परत दिलं, आणि जरा वेळाने विचारलं, "आई, मंडळी म्हणजे मला धरून?" मी हो म्हटलं. माझं चुकलं असेल तर पुढच्या पत्रात तसं लिहा.

अनुराधा


२७ जुलै २००३

अहो,

ही कसली थट्टा?

तुमचं दुसरं पत्र आलं. तीच चार पानं. तोच डॉक्टर, तोच पोलीस, तेच तबक, दीनानाथचं तेच ओरडणं. "तू विचारलंस म्हणून लिहितो" अशी सुरुवातही तीच. मी मागे एवढं सगळं कळवलं, मर्विनचं हसणं, पाणी, ॲटलास, त्याबद्दल चकार शब्द नाही. मी तुमची पत्रं नीट वाचत नाही असं सुचवायचंय का? आणि हे "गार्गी कोण" काय आहे? सून आहे ती तुमची. सुमेधने तुमच्या नकळत इकडचे कागद केले, तुम्हाला ते जिन्यात तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तुम्ही "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हणालात, इथपर्यंत मी समजू शकते. चार वर्षं झाली त्याला. त्यात त्या पोरीने काय केलं? मुद्दाम नाव विसरण्याइतके तुम्ही कोते नव्हतात.

इथे पावसाने भिंतींना ओल आली आहे. मर्विन न्हाणीघरात पडला. हाड मोडलं नाही, पण छाती भरली. त्याची भाची ज्युडिथ हॅमिल्टनहून गाडी चालवत आली, दोन दिवस राहिली, फ्रीज भरून गेली. चांगली आहे, पण सारखी घड्याळाकडे बघते. मी रोज मऊ भात आणि लिंबाचं सार नेते.

परवा तो उशीला टेकून बोलत होता. त्याच्या दिग्दर्शकाचं नाव क्विंबी. मोठ्या चित्रपटाआधी दाखवायला लहान, स्वस्तातले चित्रपट लागत, ते हा आठवड्याभरात उरकायचा. नाव कुणाला माहीत नाही. मर्विनने पहिल्यांदा डॉक्टर केला तेव्हा त्याने अगदी जड आवाजात, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की तुमचे पती गेले. क्विंबीने काम थांबवलं. त्याला बाजूला नेऊन म्हणाला, नवरा तिचा मेलाय, तुझा नाही.

मी विचारलं, मग कसं सांगायचं?

"दारातच," मर्विन म्हणाला. "बसायचं नाही. आधी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या नाहीत. साध्या शब्दांत सांगायचं आणि तिच्या चेहऱ्यासमोरून बाजूला व्हायचं. लोकांना तिला बघायचं असतं. आणि तिलाही तुमच्याकडे बघायचं नसतं."

आयुष्यभर त्याने हेच काम केलं, आणि ते चांगलं केलं, असं मला वाटलं. तुम्हाला हे आवडेल म्हणून लिहिलं. नाहीतर आज लिहिणार नव्हते.

बाळंतपण पुढच्या महिन्यात. त्या दिवशी तरी अंघोळीला जाऊ नका.

अनुराधा


२४ ऑगस्ट २००३

अहो,

मुलगी झाली. मंगळवारी सकाळी, सुखरूप. जावळ दाट आहे, कान तुमचे आहेत. गार्गी दमली आहे पण ठीक आहे. मी डिंकाचे लाडू केलेत. सुईण घरी येऊन बघून जाते, तिने एक खाल्ला आणि "स्वीट ॲज" म्हणाली. म्हणजे छान, असं सुमेधने सांगितलं. नाव अजून ठेवलेलं नाही. तुम्ही सुचवा.

तुमचं पत्र मिळालं. सुमेधच्या बारावीच्या निकालाबद्दल तुम्ही विचारलंय. तो पास झाला. चांगले गुण मिळाले.

दीनानाथ भावजींचा फोन आला होता. बराच वेळ बोललो. ते तुमच्याकडे रोज येत जातील, तुम्ही त्यांच्याबरोबरच फिरायला जा. एकट्याने लकडी पुलापर्यंत जायची आता काही गरज नाही. गॅस शकु पेटवेल, तुम्ही त्याला हात लावू नका. चहा हवा असेल तर ती थर्मासमध्ये करून ठेवील. ती आता रात्रीची आपल्याकडेच झोपणार आहे, तिला पुढची खोली द्या. खिशात एक चिठ्ठी असेल, ती काढून टाकू नका. त्यावर आपला पत्ता आहे. असू दे.

मर्विनला वृद्धांच्या निवासात हलवलं. ज्युडिथने घर विकायला काढलंय. फळ्यांच्या कुंपणावर पाटी लागली आहे. मी बसने दोन वेळा जाऊन आले. तिथल्या मुली त्याच्याशी लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलतात. एक मला बाजूला घेऊन हसत म्हणाली, तो सांगतो की तो सिनेमात होता. मी म्हटलं, होता. तिने माझाही दंड प्रेमाने थोपटला.

इकडे सगळं ठीक आहे. काळजी करू नका. औषध वेळेवर घ्या.

तुमची
अनुराधा


१४ सप्टेंबर २००३

अहो,

मागच्या पत्रात मी पुष्कळ गाळलं. ते पत्र पेटीत टाकल्यापासून मला चैन नाही. आपल्या घरात तुमच्यापासून काही चोरून ठेवलेलं तुम्हाला कधी खपलं नाही. सुमेधवरचा तुमचा राग तरी दुसरा कशाचा होता? तो इकडे आला याचा नव्हताच. तुम्हाला शेवटी कळलं, याचा होता. म्हणून सांगते.

तुम्हाला विसरण्याचा आजार झाला आहे. तो बरा होणारा नाही. हळूहळू वाढणारा आहे.

दीनानाथ भावजींनी तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं, डोक्याचा फोटो काढला, ते त्यासाठीच. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं, तुम्हाला सांगितलं नाही. त्याआधी तुम्ही फिल्म अर्काइव्हहून घरी यायला निघालात आणि संध्याकाळी डेक्कनच्या बसस्टॉपवर सापडलात. कुठे जायचंय ते तुम्हाला सांगता येत नव्हतं. एका कॉलेजच्या मुलीने तुमच्या खिशातल्या डायरीतून भावजींचा नंबर शोधला. दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं होतं, ते शकुने मला न सांगता बदललं. ती मला सांगत होती तुम्ही अंघोळीला गेलात. खरं म्हणजे तुम्ही फोन हातात घ्यायचात आणि काय करायचं ते न कळून परत ठेवायचात. आणि मी इथे बसून समजत होते, की हट्ट.

"मुद्दाम नाव विसरलात" असं लिहिलेलं माझं पत्र तुमच्याकडे असेल. ते फाडून टाका.

हे तुम्हाला सांगायच्या आधी सुमेधला सांगायचं होतं. बाळ झाल्यापासून तो घरात शीळ घालत हिंडायचा. आठवडाभर मी शब्द जुळवत होते. आधी जेवण होऊ दे, मग बाळ झोपू दे. मग मला मर्विनचं बोलणं आठवलं. संध्याकाळी सुमेधची गाडी आली, त्याने दार उघडलं, एक बूट काढला होता. मी म्हटलं, "बाबांना स्मृतिभ्रंश झालाय. दीनानाथकाकांनी सांगितलं. बरा होणार नाही." एवढंच. आणि मी बाजूला होऊन स्वयंपाकघरात गेले. मागे वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने आत आला तेव्हा एक बूट पायात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला. भावजी तिकडे होते, त्यांनी रिसीव्हर तुमच्या कानाला धरला. इकडे सुमेधने आवाज मोठा ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तुम्हाला कदाचित आता आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

सुमेध म्हणाला, "बाबा, मी सुमेध."

तुम्ही म्हणालात, "बोल रे बाळा. जेवलास का?"

चार वर्षं तो या फोनची तयारी करत होता. कागद का केले, तुम्हाला का सांगितलं नाही, विमानतळावर तुमची वाट पाहत किती वेळ बाहेर उभा राहिला. सगळं पाठ होतं त्याला. त्यातलं काही म्हणायची वेळच आली नाही. तुम्ही विचारलंत, मेसमध्ये जेवण बरं मिळतं का. तो म्हणाला, हो. तुम्ही विचारलंत, घरी कधी येतोस. तो म्हणाला, "सुट्टी लागली की येतो."

तेवढ्यात बाळ रडलं. तुम्ही विचारलंत, कुणाचं आहे. तो म्हणाला, माझी मुलगी आहे, बाबा.  मग विचारलंत, "नाव काय ठेवलंस?"

"तुम्ही सांगा."

"निशिगंधा ठेव," तुम्ही म्हणालात. "अनूला आवडतं."

मला हे नाव आवडतं हे मी तुम्हाला कधी सांगितलं होतं, ते मला काही केल्या आठवत नाही. आणि अनू म्हणून तुम्ही मला फार वर्षांत हाक मारलेली नाही.

फोन ठेवल्यावर सुमेध गराजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिला. मी चहा घेऊन गेले. काच खाली करून म्हणाला, "आई, त्यांनी मला माफ नाही केलंय. त्यांना काही आठवतच नाहीये."   कप त्याच्या हातात दिला आणि शेजारच्या सीटवर बसले. बाहेर पाऊस होता.

तुम्ही हे पत्र एखाद्या बऱ्या वेळी वाचाल असं धरून चालते. वाचून वाईट वाटेल. रडू आलं तर रडा, शकु आहे तिथे, तिला लाजू नका. विसरलात तर भावजी पुन्हा सांगतील. मी त्यांना तसं सांगितलं आहे, की विचारलंत तर खरंच सांगायचं.

तिकीट बदलायला टाकलं आहे.

तुमची
अनुराधा


५ ऑक्टोबर २००३

अहो,

मर्विन गेला. मागच्या सोमवारी, न्यूमोनियाने. ज्युडिथने फोन केला तेव्हा ती वाटेत होती, ती पोचायच्या आत संपलं होतं.

त्याच्या आधीच्या गुरुवारी मी गेले होते. बोलण्याची ताकद नव्हती, पण ओळखलं. त्याने बोटांनी कागद उलटल्यासारखी खूण केली. तुमचं पत्र माझ्या पिशवीत असायचंच. वाचून दाखवलं. तबकापाशी आले तेव्हा पांघरुणावरचा त्याचा उजवा हात थोडा हलला, डाव्याकडे गेला. गुत्त्यातल्या हसण्याचं वाक्य मी गाळलं नाही, तेही वाचलं. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग झोप लागली. मी उठले, आणि तेच शेवटचं.

अंत्यविधीला आम्ही थोडे लोक होतो. ज्युडिथ, तिचा नवरा, विमा कंपनीतले दोन म्हातारे, निवासातली ती दंड थोपटणारी मुलगी, मी आणि सुमेध. सुमेधने रजा घेतली होती. मी सांगितलं नव्हतं, आपणहून आला. विधी चालवणाऱ्या बाईंनी छापील कागदावरून वाचलं: टिमारूचा जन्म, विमा कंपनीतली इमानदार नोकरी, बागेची आवड. सिनेमाचं एक वाक्य होतं, "तरुणपणी काही काळ परदेशात अभिनयाचा अनुभव घेतला." मग त्यांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. कुणी हललं नाही.

मी उठले.  साडी, वर सुमेधचं जाकीट. सगळे बघत होते की ही कोण. मी म्हटलं, माझे पती पुण्यात असतात, मिस्टर टेटना ते कधी भेटले नाहीत, पण त्यांनी यांच्याबद्दल लिहिलंय ते वाचते. आणि तुमची चारही पानं इंग्रजीत वाचली. एक्स्चेंजच्या आवाजात, शब्द सुटा सुटा, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. डॉक्टर, पोलीस, बोटीवरचा अधिकारी. टोपणनावापाशी विम्यातला एक म्हातारा फिसकन हसला आणि त्याने तोंडावर हात घेतला. हसू दे, मी म्हटलं मनात. तबकाचं वाचताना ती निवासातली मुलगी रडायला लागली.

बाहेर आल्यावर ज्युडिथ म्हणाली, "मामा सांगायचा, पण आम्ही कधी विचारलं नाही." तिने ते पत्र मागितलं. मी दिलं नाही. माझ्याकडे तुमच्या हाताचं तेवढंच धड पत्र आहे. सुमेध त्याच्या ऑफिसमधून प्रत काढून तिला पाठवणार आहे.

येताना गाडीत सुमेध म्हणाला, "बाबांनी हे सगळं लक्षात ठेवलं. एका अनोळखी माणसाचं." त्याला पुढे काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी म्हटलं, अरे, ते फार जुनं आहे, जुनं टिकतं. नवं आधी जातं, असं डॉक्टर म्हणतात. तुझं भांडण नवं होतं, ते गेलं. तू लहान होतास ते अजून आहे. तो म्हणाला, "किती दिवस?" मी म्हटलं, ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू?

ते तिघं डिसेंबरात येणार आहेत. तोवर तुम्ही त्याला ओळखाल की नाही, कुणास ठाऊक. तो येणार आहे, हे नक्की. निशिगंधेचं नाव कागदोपत्री लागलं. इथल्या नर्सला ते म्हणता येत नाही, ती "निशी" म्हणते.

मी परवा निघते आहे. गार्गीला अजून माझी गरज आहे, ते मला कळतं, तिलाही कळतं. तरी काल तिनेच माझी बॅग भरायला घेतली. लोणच्याची बरणी तिच्यासाठी ठेवून जाते. शेजारच्या घरात नवीन माणसं आली आहेत, त्यांनी ती फांदी छाटली.

परत आल्यावर आपण काय करायचं याचा मी विचार केलाय. सकाळी फिरायला जाऊ, मी धरीन. दुपारी तुम्ही मला सिनेमे सांगायचे. मी पेंगत होते त्यामुळे मला कुठलाच माहीत नाही. जेवढे आठवतील तेवढे. चुकलं तरी चालेल. गुत्त्यात कोण हसलं होतं ते तपासायला आता कुणी उरलेलं नाही.

हे पत्र माझ्या मागून पोचेल. पोस्टमन देऊन गेला की मी तुमच्या शेजारी बसून ते उघडीन आणि वाचून दाखवीन. मधेच तुम्ही विचाराल, हे कुणी लिहिलंय. मी सांगेन, अनूने. मग थोड्या वेळाने पुन्हा विचाराल.

विचारा. मी दर वेळी सांगेन.

अनू